विश्लेषण : घरच्या घरी ग्रीक योगर्ट… पण तो आपला चक्काच नाही का? प्रथिने दुप्पट होतात, मग कॅल्शियमचे काय?

व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांच्या फ्रीजमध्ये हल्ली एक छोटा डबा हमखास सापडतो. त्यावर 'ग्रीक योगर्ट' असे लिहिलेले असते आणि त्याखाली ठळक अक्षरांत प्रथिनांचा आकडा असतो. डबा महाग वाटू लागला की मोबाइलवर 'घरी ग्रीक योगर्ट कसे करावे' याचा शोध सुरू होतो. व्हिडीओमध्ये दाखवतात ते असे : दही फडक्यात बांधायचे, पाणी निथळू द्यायचे, सकाळी घट्ट गोळा काढून घ्यायचा. हे पाहून घरातली आजी म्हणते, ''अरे, हा तर चक्का!'' आजीचे म्हणणे बहुतांशी बरोबर आहे. मात्र थोडा फरकही आहे. शिवाय फडक्यातून जे पाणी खाली गळते, त्याबरोबर नेमके काय वाहून जाते, याची चर्चा फारशी होत नाही. ग्रीक योगर्ट म्हणजे काय, ते घरी नीट कसे करावे, त्याने खरोखर किती प्रथिने मिळतात आणि खर्चाचे गणित जमते का, याचा हा आढावा.

ग्रीक योगर्ट म्हणजे नेमके काय?

ग्रीक योगर्ट म्हणजे पाणी गाळून घट्ट केलेले दही. ग्रीसमध्ये त्याला 'स्ट्रॅगिस्तो' म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थच 'गाळलेले' असा आहे. हा पदार्थ एकट्या ग्रीसचा नाही. तुर्कस्तानात तो 'सुझमे योगर्ट' या नावाने मिळतो, लेबनॉन आणि सीरियात 'लबनेह' म्हणून न्याहारीला खाल्ला जातो, तर अफगाणिस्तानात त्याला 'चका' म्हणतात. 'योगर्ट' हा शब्दही मुळात तुर्की भाषेतला. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये गाळलेल्या दह्याला चक्का किंवा मस्का म्हणतात आणि त्यात साखर घोटली की श्रीखंड होते.

आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या 'कोडेक्स' या व्यवस्थेत अशा पदार्थांचा स्वतंत्र गट आहे, 'सांद्र आंबवलेले दूध'. या गटात बसण्यासाठी पदार्थात किमान ५.६ टक्के प्रथिने असावी लागतात. स्ट्रॅगिस्तो आणि लबनेह यांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. साध्या दह्यात प्रथिनांचे प्रमाण साधारण तीन ते साडेतीन टक्के असते. म्हणजे दही आणि ग्रीक योगर्ट यांतला मूळ फरक आहे तो घट्टपणाचा. तो पाणी काढून येतो.

मग 'ग्रीक' हे नाव कसे रूढ झाले?

पदार्थ अनेक देशांचा असला तरी जगभरच्या दुकानांत तो 'ग्रीक' या नावाने पोहोचला. यामागे 'फाये' या ग्रीक कंपनीचा मोठा वाटा आहे. तिची सुरुवात १९२६ मध्ये अथेन्समधील एका दुग्धपदार्थांच्या दुकानापासून झाली. १९९८ पासून तिचे घट्ट दही अमेरिकेत विकले जाऊ लागले. पुढे तुर्कस्तानातून अमेरिकेत आलेल्या हमदी उलुकाया यांनी २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातला बंद पडलेला एक दुग्धप्रकल्प विकत घेतला आणि २००७ मध्ये 'चोबानी' हा ब्रँड बाजारात आणला. काही वर्षांतच घट्ट दही अमेरिकी न्याहारीचा भाग झाले.

नावावरून वादही झाला. अमेरिकेत तयार झालेले चोबानीचे दही ब्रिटनमध्ये 'ग्रीक योगर्ट' म्हणून विकायला आले, तेव्हा फाये कंपनीने न्यायालयात धाव घेतली. ब्रिटिश ग्राहक 'ग्रीक योगर्ट' म्हणजे ग्रीसमध्ये तयार झालेले दही असेच समजतात, असा तिचा दावा होता. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तो मान्य केला. तेव्हापासून ग्रीसबाहेर तयार झालेले दही ब्रिटनमध्ये 'ग्रीक-स्टाइल' म्हणून विकावे लागते. भारतात मुंबईच्या 'एपिगामिया' या ब्रँडने २०१५ मध्ये ग्रीक योगर्ट बाजारात आणले आणि त्यानंतर मोठ्या दूध कंपन्याही घट्ट व जादा प्रथिनांच्या दह्यांकडे वळल्या.

चक्का आणि ग्रीक योगर्ट यांत फरक काय?

गाळण्याची कृती एकच आहे. फरक आहे तो विरजणात, तापमानात आणि किती वेळ गाळायचे यात.

योगर्टमध्ये दोन ठरावीक जिवाणू एकत्र काम करतात, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गॅरिकस. त्यांना ४० ते ४५ अंश सेल्सियसची ऊब मानवते आणि त्या तापमानात ते चार ते सहा तासांत दूध विरजवतात. घरच्या दह्यात कोणते जिवाणू आहेत हे ठरलेले नसते. आदल्या दिवशीच्या दह्याचा चमचा आज, आजच्या दह्याचा उद्या, असे चालत आलेले ते मिश्रण असते. त्यात तीस अंशांच्या आसपास वाढणारे लॅक्टोकॉकस जातीचे जिवाणूही असतात. म्हणून घरोघरच्या दह्याची चव वेगळी लागते आणि एखाद्या घरचे विरजण शेजारीपाजारी मागून नेले जाते.

गाळण्यातही फरक आहे. श्रीखंडासाठी चक्का अगदी कोरडा हवा असतो. साखर घातली की तो सैल होतो, म्हणून आधी पाणी पूर्ण निथळून घेतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमांत चक्क्याचे स्वतंत्र मानक आहे. त्यानुसार साध्या चक्क्यात घन पदार्थ किमान ३० टक्के असावे लागतात आणि त्या घन पदार्थांत प्रथिने किमान ३० टक्के. म्हणजे १०० ग्रॅम चक्क्यात निदान नऊ ग्रॅम प्रथिने झाली. ग्रीक योगर्ट याहून मऊ, चमच्याने सहज खाता येईल इतपतच गाळतात. थोडक्यात, ग्रीक योगर्ट म्हणजे थोडा आधी फडक्यातून काढलेला, कमी आंबट चक्का.

विकायला येणारे ग्रीक योगर्ट आता फडक्यात बांधून होत नाही. कारखान्यांत वेगाने फिरणारे सेपरेटर किंवा अतिसूक्ष्म छिद्रांचे पडदे वापरून पाणी वेगळे करतात. श्रीखंडाचेही तसेच झाले. बडोद्याच्या सुगम डेअरीने कापडाऐवजी सेपरेटर वापरून श्रीखंडाचे उत्पादन यांत्रिक केले.

दूध आधी उकळणे का आवश्यक?

घरोघरी दूध उकळतात ते नासू नये म्हणून. घट्ट दह्यासाठी उकळण्याचे आणखी एक कारण आहे. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते आणि उरलेली सुमारे २० टक्के निवळीतली, म्हणजे 'व्हे' प्रथिने. जिवाणू दुधातल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. आम्लता वाढून पीएच ४.६ च्या आसपास आला की केसीनचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे जाळे तयार होते. त्या जाळ्यात अडकलेले पाणी म्हणजेच लागलेले दही.

व्हे प्रथिने मात्र कच्च्या किंवा नुसत्या कोमट केलेल्या दुधात पाण्याबरोबर मोकळी राहतात आणि गाळताना वाहून जातात. दूध ८५ अंशांपर्यंत तापवून अर्धा तास, किंवा ९० ते ९५ अंशांवर पाचएक मिनिटे ठेवले, तर या प्रथिनांची घडी उलगडते आणि ती केसीनच्या कणांना चिकटतात. जाळे दाट होते, दही घट्ट लागते, पाणी कमी सुटते आणि जास्त प्रथिने फडक्यातच राहतात. पिशवीचे दूध पाश्चराइज्ड असते, पण ते या कामासाठी पुरेसे तापवलेले नसते. म्हणून 'दूध पाश्चराइज्ड आहे, नुसते कोमट करून विरजण लावले तरी चालेल' हा सल्ला ग्रीक योगर्टसाठी उपयोगाचा नाही. दूध नीट उकळून मंद आचेवर आणखी पाच ते दहा मिनिटे ढवळत ठेवावे.

घरी करण्याची कृती काय?

१. दूध निवडा. फडक्यात पाणी गळते, पण स्निग्धांश जवळजवळ सगळा वरच राहतो. त्यामुळे दुधाची निवड इथे नेहमीपेक्षा जास्त महत्त्वाची ठरते. एफएसएसएआयच्या मानकांनुसार फुल क्रीम दुधात किमान सहा टक्के, टोन्ड दुधात तीन टक्के आणि डबल टोन्ड दुधात दीड टक्का स्निग्धांश असतो. एक लिटर दुधाचे ४०० ग्रॅम घट्ट दही झाले, तर फुल क्रीमच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १५ ग्रॅम, टोन्डच्या साडेसात ग्रॅम आणि डबल टोन्डच्या चार ग्रॅमपेक्षाही कमी स्निग्धांश येतो. वजन उतरवण्यासाठी खाणाऱ्याने फुल क्रीम दूध वापरले, तर हेतूच फसतो. लहान मुलांसाठी किंवा श्रीखंडासाठी तेच दूध उत्तम.

२. उकळा आणि निववा. स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात दूध उकळून ४२-४३ अंशांपर्यंत निवू द्यावे. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ करंगळी दुधात बुडवून पाहावी. दहा सेकंद सहज ठेवता आली आणि तरी ऊब जाणवली, की दूध तयार. फार गरम दुधात विरजणातले जिवाणू मरतात आणि गार दुधात दही लागायला वेळ लागतो.

३. विरजण लावा. लिटरभर दुधाला एक टेबलस्पून ताजे, आंबट नसलेले दही पुरते. जास्त विरजण घातले की दही लवकर आंबते, घट्ट होत नाही. ग्रीक योगर्टची चव हवी असेल, तर पहिल्या वेळी जिवंत जिवाणू असलेले, साखर व स्वाद नसलेले साधे योगर्ट विरजण म्हणून वापरावे. विरजण थोड्या दुधात घोळून मग सगळ्या दुधात मिसळावे, म्हणजे गुठळ्या राहत नाहीत.

४. ऊब द्या. भांडे कॅसरोलमध्ये, बंद ओव्हनमध्ये किंवा टॉवेलात गुंडाळून ठेवावे. मुंबई-कोकणच्या उकाड्यात पाच-सहा तास पुरतात, नाशिक-पुण्याच्या थंडीत आठ-दहा तासही लागतात. दही लागताना भांडे हलवू नये, जाळे मोडते आणि पाणी सुटते.

५. आधी गार करा, मग गाळा. दही लागले की दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवावे. गार दही फडक्यातून निसटत नाही. त्यानंतर पातेल्यावर चाळणी, चाळणीत दुहेरी मलमलचे फडके आणि त्यात अलगद दही, अशी मांडणी करून वर झाकण ठेवावे व पुन्हा फ्रीजमध्ये ठेवावे. तीन-चार तासांत मऊ आणि रात्रभरात घट्ट गोळा तयार होतो. फडके हाताने पिळू नये. पिळले की प्रथिनेही पाण्याबरोबर बाहेर येतात.

६. फेटा. गाळलेले दही वाडग्यात काढून चमच्याने एकजीव करावे. फार घट्ट झाले असेल, तर त्याचीच एक-दोन चमचे निवळी परत मिसळावी.

नळाला टांगलेली पुरचुंडी चालणार नाही का?

पाडव्याच्या किंवा दसऱ्याच्या आदल्या रात्री नळाला अथवा खुंटीला टांगलेली दह्याची पुरचुंडी अनेक घरांत दिसते. एका रात्रीसाठी आणि भरपूर साखर पडणाऱ्या श्रीखंडासाठी ती पद्धत चालून जाते. पण ग्रीक योगर्ट साखरेशिवाय खायचे असते. तीस-बत्तीस अंशांच्या स्वयंपाकघरात आठ-दहा तास टांगलेल्या दह्यात जिवाणूंचे काम थांबत नाही आणि सकाळी ते दात आंबवणारे लागते. फ्रीजमध्ये हे काम मंदावते. शिवाय उघड्यावर धूळ, चिलटे आणि हवेतली बुरशी यांना वाव मिळतो.

फडके दर वेळी उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावे. साबणाचा वास राहिला तर तो दह्याला लागतो. तांब्या-पितळेचे कल्हई नसलेले भांडे दही लावायला किंवा निवळी ठेवायला वापरू नये. आम्लाची धातूवर क्रिया होते. तयार योगर्ट झाकून फ्रीजमध्ये ठेवल्यास चार-पाच दिवस चांगले राहते. त्यावर गुलाबी, हिरवा किंवा काळा ठिपका दिसला, तर वरचा भाग काढून उरलेले खाऊ नये, सगळे टाकून द्यावे.

प्रथिने खरोखर दुप्पट होतात का?

चमच्यामागे होतात, लिटरमागे नाही. सगळ्या जाहिरातींमध्ये हाच मुद्दा सुटतो.

एक लिटर गाईच्या किंवा टोन्ड दुधात साधारण ३२ ग्रॅम प्रथिने असतात. त्याचे सुमारे एक किलो दही होते. दूध नीट उकळलेले असेल, तर निवळीत १०० ग्रॅममागे अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच प्रथिने जातात. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर गाळलेले दही तोलले, की पुढचा हिशेब सोपा आहे. अर्धा किलो निवळी गळली, तर उरलेल्या अर्ध्या किलोत १०० ग्रॅममागे सुमारे सहा ग्रॅम प्रथिने येतात. ६०० ग्रॅम गळली, तर सात ग्रॅमच्या थोडे वर. ६५० ग्रॅम गळली, तर आठ ग्रॅम. म्हणजे वाटी तेवढीच, पण तिच्यातली प्रथिने दुपटीहून जास्त.

मात्र लिटरभर दुधातली एकूण प्रथिने ३२ वरून २९ ग्रॅमवर आली, ती वाढली नाहीत. गाळल्याने प्रथिने तयार होत नाहीत, ती फक्त कमी जागेत गोळा होतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दिवसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. घरच्या घट्ट दह्याची १५० ग्रॅमची वाटी त्यातले दहा-अकरा ग्रॅम देते. भूक कमी असलेल्या वृद्धांना किंवा एका बैठकीत फार खाता न येणाऱ्यांना ही घट्ट वाटी सोयीची. ज्याला दोन वाट्या साधे दही सहज खाता येते, त्याला तेवढीच प्रथिने न गाळताही मिळतात.

मग निवळीबरोबर काय जाते?

पाण्यात जे जे विरघळलेले असते, ते सगळे पाण्याबरोबर जाते. यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कॅल्शियम.

दुधात कॅल्शियमचा मोठा भाग केसीनच्या कणांत बांधलेला असतो. दही लागताना आम्लता वाढली की तो सुटून पाण्यात येतो आणि गाळताना निवळीबरोबर निघून जातो. एक लिटर दुधात साधारण १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. त्याचे ४०० ग्रॅम घट्ट दही केले, तर त्यातले निम्म्याहून अधिक कॅल्शियम खालच्या पातेल्यात उतरते. वाटीमागे प्रथिने दुप्पट झाली, तरी कॅल्शियम साध्या दह्याच्या वाटीइतकेच राहते. प्रौढांसाठी कॅल्शियमची शिफारस दिवसाला १,००० मिलिग्रॅम आहे. ज्या घरात रोजचे लिटरभर दूध हाच कॅल्शियमचा मुख्य स्रोत आहे आणि ते सगळे गाळून निवळी मोरीत ओतली जाते, तिथे प्रथिनांच्या नादात हाडांचा वाटा कमी होतो. चाळिशी-पन्नाशीच्या महिलांनी आणि वाढत्या वयाच्या मुलांच्या घरांनी हा हिशेब लक्षात ठेवायला हवा.

निवळीचा पिवळसर-हिरवट रंग असतो रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचा. तेही पाण्यात विरघळते. उरली दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज. 'ग्रीक योगर्टमध्ये साखर कमी' असे म्हणतात, ते अर्धेच खरे. लिटरभर दुधातली बरीच साखर निवळीत जाते हे खरे. पण घट्ट दह्यातही ७५ ते ८० टक्के पाणीच असते आणि त्या पाण्यात साखर असतेच. त्यामुळे चमच्यामागे साखर साध्या दह्यापेक्षा थोडीच कमी भरते. प्रथिनांच्या तुलनेत पाहिले, तर मात्र ती निम्म्याहून कमी होते. दूध न पचणाऱ्यांना घट्ट दही तुलनेने सोसते, पण ते लॅक्टोजमुक्त नसते.

निवळी टाकून देण्याचा प्रश्न कारखान्यांपुढेही आहे. एक किलो ग्रीक योगर्टसाठी तीन-चार किलो दूध लागते, बाकीचे आंबट पाणी उरते. ते नदी-नाल्यात सोडले, तर त्यातली साखर कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. त्यामुळे अमेरिकेत ते जनावरांच्या खाद्यात, शेतात खत म्हणून किंवा बायोगॅससाठी वापरावे लागते.

घरी निवळीचे काय करावे?

घरात ती संपवणे सोपे आहे. पोळ्यांची किंवा थालीपिठाची कणीक पाण्याऐवजी निवळीत भिजवावी. पोळ्या मऊ होतात. कढीत, सारात, धिरड्यांच्या पिठात ती पाण्याच्या जागी चालते. मीठ, जिरेपूड आणि कोथिंबीर घालून ताकासारखी पिता येते. चिकन मुरवायला उपयोगी पडते. दूध नासवून पनीर करायचे असेल, तर लिंबाऐवजी आंबट निवळी घालता येते. डाळ शिजताना मात्र ती घालू नये. आम्लामुळे डाळ लवकर मऊ होत नाही, शिजल्यावर घालावी. गरम दुधात घातली की दूध फाटते, हेही लक्षात ठेवावे. झाकून फ्रीजमध्ये ती तीन-चार दिवस टिकते.

गाळायचेच नसेल, तर आणखी एक मार्ग आहे. उकळलेल्या लिटरभर दुधात ५० ग्रॅम स्किम्ड दूध पावडर गुठळ्या न होऊ देता विरघळवावी आणि नेहमीप्रमाणे विरजण लावावे. या पावडरीत सुमारे ३५ टक्के प्रथिने असतात, म्हणजे १७ ग्रॅम प्रथिने वाढतात. दही घट्ट लागते आणि कॅल्शियमही वाढते. साखर मात्र काही प्रमाणात वाढते आणि पोत ग्रीक योगर्टइतका मलईदार होत नाही.

खर्चाचे गणित जमते का?

समजा, दूध ६० रुपये लिटर आहे. लिटरचे ४०० ग्रॅम घट्ट दही झाले, तर १०० ग्रॅमला १५ रुपये पडतात. गॅस आणि विरजणाचे एक-दोन रुपये वेगळे. आपल्या दुकानातल्या डब्याचा भाव १०० ग्रॅमवर आणून त्याच्याशी ताडून पाहावा. बहुतेक ठिकाणी घरचे स्वस्त पडते.

खरी तुलना मात्र प्रथिनांच्या ग्रॅमवर करायला हवी. घरच्या घट्ट दह्यात एक ग्रॅम प्रथिनांना सुमारे दोन रुपये पडतात. साध्या दह्यात किंवा दुधातही तेवढेच, किंबहुना थोडे कमी, कारण तिथे काहीच गळून जात नाही. म्हणजे विकतच्या डब्याऐवजी घरी केले तर पैसे वाचतात, पण साध्या दह्याऐवजी ग्रीक योगर्ट केल्याने प्रथिने स्वस्त होत नाहीत. निवळी कणकेत किंवा कढीत गेली, तर मात्र लिटरभर दुधातले काहीच वाया जात नाही आणि हिशेब बरोबरीत सुटतो.

विकत घेताना काय पाहावे?

डब्यामागची घटकांची यादी वाचावी. खऱ्या गाळलेल्या दह्यात दूध आणि जिवाणूंचे विरजण एवढेच पुरते. यादीत स्टार्च, जिलेटिन किंवा अन्य घट्ट करणारे पदार्थ असतील, तर घट्टपणा केवळ गाळण्यामुळे आलेला नाही. ते धोकादायक असते असे नाही, पण मोजलेले पैसे कशासाठी, हे कळते. फळांच्या स्वादाच्या डब्यांत वरून घातलेली साखर किती, हे 'ॲडेड शुगर' या ओळीत दिसते. प्रथिनांचा आकडा १०० ग्रॅममागचा आहे की डब्यामागचा, हेही तपासावे.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. त्यांच्या आहारात प्रथिनांबरोबर फॉस्फरसवरही मर्यादा असू शकते. इतरांसाठी नियम साधा आहे. घट्ट दही आवडत असेल, तर घरी जरूर करावे : दूध आपल्या गरजेनुसार निवडावे, ते नीट उकळावे, फ्रीजमध्ये गाळावे आणि फडक्याखालचे पातेले मोरीत रिकामे न करता सरळ कणकेच्या परातीत ओतावे.